जुन्या संगणकावरील ब्राउझर व ई-मेल यांचे बंद पडणे : एक कारणमीमांसा

विद्यापीठांच्या भाषाविभागांतून दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे संगणक अद्याप वापरात असलेले आढळतात. त्याचे कारण केवळ द्रव्याचा अभाव हे नव्हे. कोशकार्याच्या नोंदी किंवा बोलींच्या पाहणीचे तक्ते युनिकोडपूर्व टंकांत टंकलिखित झाले असतील, तर ते टंक व त्यांचे कळफलक ज्या संगणकावर बसविलेले आहेत तोच त्या सामग्रीचा एकमेव वाचक ठरतो. अशा टंकात ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी ‘क’ नसतेच. एखाद्या रोमन चिन्हाच्या जागी काढलेले ते ‘क’चे चित्र असते. टंक नाहीसा झाला की चित्र पुसले जाते आणि मागे उरतो तो रोमन चिन्हांचा निरर्थक समूह. म्हणून तो संगणक टाकून देता येत नाही. आणि तो जागेवर आहेच, म्हणून पत्रव्यवहार व संदर्भशोधही त्याच्यावरच चालू राहतात. पुढे कधीतरी ‘ब्राउझर सारखा बंद पडतो, ई-मेल उघडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. मग कोणी विंडोज नव्याने चढविण्याचा सल्ला देतो, कोणी ‘सगळे पुसून टाका’ म्हणतो, आणि या घाईच्या उपचारात वीस वर्षांचा पत्रव्यवहार किंवा ते दुर्मिळ टंक कायमचे गमावण्याचा प्रसंग ओढवतो. या बिघाडाचा विचार शांतपणे व क्रमाने करणे अगत्याचे आहे ते यासाठी.

विवेचनाच्या सोयीसाठी एक विशिष्ट प्रकारचा संगणक समोर ठेवलेला बरा : २०१० च्या सुमाराचा, विंडोज ७ ची ३२-बिट आवृत्ती असलेला, दोन गिगाबाइट रॅमचा, आणि थंडरबर्ड अथवा आउटलुक या प्रोग्राममध्ये ई-मेल साठवणारा. विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये प्रसृत झाली आणि तिचा सर्वसामान्य आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपुष्टात आला. क्रोम या ब्राउझरची तिच्यावर चालणारी अखेरची आवृत्ती १०९ क्रमांकाची, म्हणजे जानेवारी २०२३ ची होय. फायरफॉक्सची त्याच वर्षीची ११५ क्रमांकाची दीर्घाधार आवृत्ती ही त्या वंशातील शेवटची. म्हणजे यंत्र जुने आणि त्यावरील ब्राउझरही मर्यादित वयाचा. परंतु ज्या संकेतस्थळांशी त्याला व्यवहार करावयाचा ती मात्र आजची, ही या प्रकरणातील मूळ विसंगती आहे.

प्रथम तपासावयाचा तो तक्रारीतील शब्द. ‘बंद पडणे’ हा मराठी प्रयोग, त्याचप्रमाणे ‘हँग होणे’ व ‘क्रॅश होणे’ हे उसने प्रयोग, व्यवहारात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. परंतु त्यांच्यामागील घटना भिन्न असतात. ब्राउझरची खिडकीच क्षणार्धात नाहीशी होणे ही एक घटना. खिडकी जागच्या जागी असून तिने कोणत्याही कळीला दाद न देणे ही दुसरी. ब्राउझर शाबूत राहून त्यातील एकच पान कोसळणे ही तिसरी. संपूर्ण यंत्रच निळा पडदा दाखवून अथवा न दाखवता पुन्हा सुरू होणे ही चौथी. आणि प्रोग्राम व्यवस्थित चालत असून समोरच्या सर्व्हरने प्रवेश नाकारणे ही पाचवी. या शेवटच्या प्रकारात वस्तुतः काहीच बंद पडलेले नसते. तथापि वापरणाराच्या तोंडी येणारे वाक्य तेच असते, ‘ई-मेल बंद पडला’. क्षेत्रकार्यात निवेदकाचा शब्द हाच पुरावा मानून चालत नाही, तो शब्द कोणत्या परिसरात उच्चारला गेला हेही टिपावे लागते. येथेही तसेच आहे. तक्रार करणाराकडून ‘काय झाले’ याचा निष्कर्ष न घेता ‘काय दिसले’ याचे वर्णन घ्यावे. पडद्यावर आलेली सूचना शब्दशः उतरवून घेतली किंवा तिचे छायाचित्र घेतले, तर अर्ध्याहून अधिक काम झाले असे समजण्यास हरकत नाही.

यंत्रही आपल्या परीने नोंद ठेवीत असते. विंडोज ७ मधील ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ ही सोय कोणत्या दिवशी कोणता प्रोग्राम कोसळला याचा दिनवार तक्ता दाखविते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये कोसळलेल्या प्रोग्रामबरोबरच ज्या घटकात दोष उद्भवला त्याचेही नाव मिळते. या नावात चित्रपटलाच्या ड्रायव्हरचा उल्लेख वारंवार येत असेल, तर ब्राउझर पुसून पुन्हा बसविण्यात काही हशील नाही, हे आरंभीच कळून येते. कोसळण्याच्या तारखाही बोलक्या असतात. सर्व नोंदी विशिष्ट दिवसानंतरच्याच असतील, तर त्या दिवशी काय नवे बसविले गेले हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

तथापि निदानाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट करावयाची असते, आणि नेमकी तीच बहुधा राहून जाते. साठविलेल्या पत्रांची प्रत काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवणे ही ती गोष्ट. पत्रे कोठे आहेत हे ती कोणत्या पद्धतीने आणली जातात यावर अवलंबून असते. आयमॅप पद्धतीत मूळ पत्र सर्व्हरवर राहते आणि संगणकावरील केवळ त्याची छाया असते. पॉप या जुन्या पद्धतीत पत्र संगणकावर उतरवून घेतल्यावर सर्व्हरवरून काढून टाकण्याचा प्रघात होता. ज्यांनी पॉपची योजना केली आणि पुढे ती बदलली नाही, त्यांच्या पत्रांची जगातील एकमेव प्रत त्या जुन्या हार्ड डिस्कवर असण्याचा संभव आहे, आणि पुष्कळदा त्यांना स्वतःलाही याची कल्पना नसते. थंडरबर्डमध्ये साहाय्याच्या यादीतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावरून ‘प्रोफाइल’ फोल्डर थेट उघडता येतो. प्रोग्राम बंद करून तो संपूर्ण फोल्डर उचलून घ्यावा. आउटलुकमध्ये ‘पीएसटी’ प्रकारच्या फाइली शोधाव्या लागतात. हे फोल्डर विंडोज सहसा दृष्टीआड ठेवते, त्यामुळे ‘डॉक्युमेंट्स’ व ‘डेस्कटॉप’ यांची प्रत काढणाऱ्या सद्‌गृहस्थाच्या हाती पत्रे लागतच नाहीत. प्रत काढताना टंकांचा फोल्डर व कळफलकाचे प्रोग्रामही बरोबर घेणे इष्ट. ही प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याखेरीज ती प्रत झाली असे मानू नये.

यानंतर कारणांकडे वळता येईल. सर्वांत अधिक आढळणारे कारण रॅमची टंचाई हे आहे. परंतु तिचे स्वरूप काळानुसार पालटले आहे. ३२-बिट विंडोजमध्ये प्रत्येक प्रक्रियेला सामान्यतः दोन गिगाबाइटच पत्ता-अवकाश लाभतो, मग यंत्रात रॅम कितीही असो. पूर्वीचा फायरफॉक्स सर्व पाने एकाच प्रक्रियेत चालवीत असे. त्यामुळे वीस पाने उघडली आणि ती कमाल मर्यादा गाठली गेली की संपूर्ण ब्राउझर कोसळे. क्रोमने सप्टेंबर २००८ पासूनच निरनिराळ्या पानांसाठी निरनिराळ्या प्रक्रिया योजण्याचा मार्ग धरला होता. फायरफॉक्सनेही ४८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०१६ पासून, तो क्रमाक्रमाने स्वीकारला. याचा परिणाम असा की एक पान मेले तरी बाकीची वाचतात. पण प्रत्येक प्रक्रियेचा स्वतंत्र संसार आला, आणि त्या सर्वांचा मिळून भार यंत्रातील प्रत्यक्ष रॅमवर पडू लागला. रॅम संपली की विंडोज हार्ड डिस्कवरील राखीव फाइलीचा आश्रय घेते. फिरत्या तबकडीची डिस्क रॅमच्या तुलनेत कमालीची मंद असल्याने यंत्र गोठल्यासारखे होते. म्हणजे टंचाई तीच, परंतु पूर्वी तिचे लक्षण कोसळणे हे होते, आता बहुधा गोठणे हे असते. लक्षण बदलले म्हणून रोगच बदलला अशी समजूत करून घेणारे येथे फसतात.

याची परीक्षा सोपी आहे. ‘टास्क मॅनेजर’ उघडून ठेवावा आणि एकेक पान उघडत जावे. रॅमचा आकडा शिखराशी पोचला की गोठणे सुरू होत असेल, तर निदान निश्चित झाले. उपाय दोन. पहिला म्हणजे रॅम वाढविणे. त्यापूर्वी प्रोसेसर ६४-बिट आहे काय हे पाहावे, कारण त्या काळातील कित्येक यंत्रांत ६४-बिट प्रोसेसर असूनही विंडोज मात्र ३२-बिट बसविलेली असे. इंटेलचा २००६ पासूनचा कोअर २ ड्युओ हे त्याचे ठळक उदाहरण. ३२-बिट विंडोज ७ चार गिगाबाइटपलीकडील रॅम उपयोगात आणू शकत नाही, त्यामुळे अशा यंत्रात आठ गिगाबाइट रॅम घालून उपयोग होत नाही आणि दुकानदाराला दोष दिला जातो. दुसरा उपाय काटकसरीचा : पाने कमी उघडणे, जाहिराती अडविणारे एकच विश्वसनीय विस्तारक वापरणे, आणि यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे निरुपयोगी प्रोग्राम थांबविणे. जाहिराती अडविल्याने पानाचा भार किती हलका होतो हे जुन्या यंत्रावरच खरे कळते.

रॅमचे कारण नसेल, तर वियोजनाची पद्धत अवलंबावी लागते. भाषावैज्ञानिक दोन ध्वनी भिन्न स्वनिम आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी बाकी सर्व सारखे असून एकाच जागी भिन्न असलेल्या शब्दांची जोडी शोधतो. ‘पाट’ व ‘बाट’ यांच्यात भेद एकच, म्हणून अर्थभेदाचे श्रेय त्या एका भेदाला देता येते. बिघाडशोधाचे तत्त्व अगदी हेच आहे. तेच संकेतस्थळ दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. तोच ब्राउझर त्याच यंत्रावर नव्या प्रोफाइलने उघडून पाहावा. तेच खाते दुसऱ्या यंत्रावर तपासावे. प्रत्येक वेळी एकच घटक बदलावा. एकाच दुपारी ड्रायव्हर बदलला, विस्तारके काढली, प्रतिविषाणू प्रोग्राम पालटला आणि ब्राउझर नव्याने बसविला, तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि तो परत आला की सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागेल.

फायरफॉक्स व थंडरबर्ड या दोहोंत ही पद्धत अंगभूतच आहे. सुरू करताना शिफ्टची कळ दाबून धरली असता ते विस्तारके व सजावट वगळून उघडतात; या अवस्थेला पूर्वी ‘सेफ मोड’ म्हणत, अलीकडे ‘ट्रबलशूट मोड’ म्हणतात. या अवस्थेत दोष नाहीसा झाला तर विस्तारके, सजावट किंवा चित्रपटलाच्या हार्डवेअरचे साहाय्य यांपैकी कशात तरी तो आहे. यांतील शेवटचा घटक जुन्या संगणकांच्या बाबतीत विशेष संशयास्पद असतो. ब्राउझर पान रंगविण्याचे काम चित्रपटलाच्या चिपकडे सोपवितो; तिच्या ड्रायव्हरमध्ये निर्मात्याने कित्येक वर्षांत सुधारणा केलेली नसते; आणि एखाद्या चलच्चित्राच्या अथवा नकाशाच्या पानावर ब्राउझर दरवेळी कोसळतो. मांडणीच्या पानावर ‘हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन’ची खूण काढून टाकली की प्रोसेसरवर थोडा अधिक भार पडतो, पण कोसळणे थांबते. दोष ट्रबलशूट अवस्थेतही टिकून राहिला आणि नव्या प्रोफाइलमध्ये मात्र गेला, तर जुन्या प्रोफाइलमधील एखादी फाइल बिघडली असे समजावे. तेव्हाही जुने प्रोफाइल पुसून टाकू नये. वाचनखुणा व साठविलेले परवलीचे शब्द त्यातून नंतर उचलावयाचे असतात.

प्रतिविषाणू प्रोग्रामविषयी येथे एक वाक्य पुरे आहे : दोन प्रतिविषाणू प्रोग्राम एकाच यंत्रावर नांदत असतील तर त्यांतील एक प्रथम काढावा आणि मगच पुढील तपास करावा.

निरनिराळे प्रोग्राम कसलाही क्रम न पाळता कोसळत असतील, ब्राउझर आज, शब्दसंपादक उद्या, परवा यंत्रच पुन्हा सुरू होते, तर दोष प्रोग्रामचा नसून यंत्राचा आहे. विंडोज ७ मध्येच रॅम तपासण्याची सोय आहे. मेमटेस्ट८६+ हा मुक्त प्रोग्राम अधिक कसून तपासतो व तो रात्रभर चालू ठेवावा. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची टोके खोडरबराने घासण्याचा दुरुस्तीवाल्यांचा परिपाठ हास्यास्पद वाटला तरी निराधार नाही, कारण टोकांवरील पुटामुळे संपर्क तुटतो. मात्र रबराचा चुरा खाचेत पडू देऊ नये. उन्हाळ्याच्या दुपारीच दोष उद्भवत असेल तर पंख्यावरील धूळ पाहावी. आणि हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर सर्व परीक्षा थांबवून प्रथम प्रत पूर्ण करावी.

याहून सूक्ष्म आणि अधिक विचार करण्याजोगा प्रकार पाचवा, म्हणजे नकाराचा. येथे यंत्रात काही मोडलेले नसते. बाहेरील जगाने आपली शिष्टाचारपद्धती बदललेली असते. ब्राउझर एखाद्या स्थळाशी संपर्क साधतो तेव्हा ते स्थळ आपली ओळख पटविणारे प्रमाणपत्र पुढे करते. त्या प्रमाणपत्रावर आरंभाची व समाप्तीची तारीख असते, आणि ते कोणत्या तरी मूळ प्रमाणपत्राच्या साखळीत बसावे लागते. संगणकाच्या फलकावरील नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी संपली, की घड्याळ यंत्र बंद होताच मागे सरकते व कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागते. मग आजची प्रमाणपत्रे ‘अद्याप अमलात न आलेली’ ठरतात आणि एकही सुरक्षित पान उघडत नाही. किरकोळ किमतीच्या बॅटरीसाठी संपूर्ण विंडोज नव्याने चढविली गेल्याची उदाहरणे दुर्मिळ नाहीत. पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहणे हीच म्हणून पहिली तपासणी असावी.

घड्याळ अचूक असूनही मूळ प्रमाणपत्राचीच मुदत संपते, असेही घडते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे वापरणारी असंख्य संकेतस्थळे तोवर त्याच्यावर विसंबून होती; परिणामी जुन्या मॅक संगणकांवर आणि अद्ययावत न केलेल्या अन्य यंत्रांवर ती स्थळे एका दिवसात अनोळखी झाली. फायरफॉक्सच्या बाबतीत ४ मे २०१९ च्या सुमारास मधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपल्याने जगभरच्या वापरणारांची विस्तारके एकाएकी निकामी झाली होती. पुढे १४ मार्च २०२५ रोजी मोझिलाच्या आणखी एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि ज्यांनी १२८ किंवा दीर्घाधार ११५.१३ या आवृत्तीपर्यंत मजल मारली नव्हती त्यांना विस्तारकांसंबंधी अडचणींना तोंड द्यावे लागले. विंडोज ७ वाल्यांनी ११५ आवृत्ती ‘अखेरची’ म्हणून एकदा बसवून विसरून जाऊ नये, तिच्या पोट-आवृत्त्या घेत राहाव्यात, असे जे सांगितले जाते त्याचा अर्थ यावरून ध्यानात येईल.

संभाषणाची भाषाही बदलते. टीएलएस या सांकेतिक संवादपद्धतीच्या १.० (१९९९) व १.१ (२००६) या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये औपचारिकरीत्या कालबाह्य ठरविण्यात आल्या; प्रमुख ब्राउझरांनी त्यांना आधीच्याच वर्षी निरोप देण्यास आरंभ केला होता. विंडोज एक्सपीची स्वतःची व्यवस्था १.० च्या पुढे जात नाही. विंडोज ७ मध्ये १.२ ची सोय असली तरी काही प्रोग्रामांसाठी ती आपोआप चालू नव्हती, व त्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळी सुधारणा प्रसृत करावी लागली. फायरफॉक्स व थंडरबर्ड ही व्यवस्था स्वतःबरोबर बाळगतात. आउटलुक विंडोजच्या व्यवस्थेवर विसंबतो. एकाच यंत्रावर थंडरबर्डमध्ये पत्रे येतात आणि आउटलुकमध्ये येत नाहीत, या कोड्याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

परवलीच्या शब्दाचेही असेच. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना केवळ नाव व परवलीचा शब्द यांवर जुन्या प्रोग्राममधून प्रवेश देणे थांबविले. मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक आउटलुक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केले. जुना प्रोग्राम परवलीचा शब्द पुनःपुन्हा विचारतो, वापरणारा तो पुनःपुन्हा लिहितो, शेवटी ‘शब्द विसरला’ असे समजून तो बदलतो, आणि गोंधळ वाढतो. शब्द बरोबरच असतो. विचारण्याची पद्धत बाद झालेली असते. ‘ओऑथ’ ही नवी पद्धत जाणणारी थंडरबर्डची आवृत्ती घेणे, किंवा गूगलच्या बाबतीत दुहेरी पडताळणी चालू करून खास ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढणे, हे यावरील मार्ग होत.

खऱ्या अर्थाने ई-मेल प्रोग्राम कोसळतो तो बहुधा साठ्याच्या फाइलीमुळे. आउटलुकच्या ९७ ते २००२ या आवृत्त्यांची पीएसटी फाइल दोन गिगाबाइटपुढे वाढू शकत नव्हती, आणि त्या मर्यादेस भिडली की ती बिघडत असे. २००३ पासून नवा साचा आला व मर्यादा वाढली. पण ज्यांनी जुनी फाइल तशीच पुढे वापरली त्यांच्यापुरती जुनी मर्यादाही पुढे आली. आउटलुकबरोबर येणारा ‘स्कॅनपीएसटी’ हा दुरुस्तीचा प्रोग्राम अशा वेळी उपयोगी पडतो. मात्र तो मूळ फाइलीवर न चालविता प्रतीवर चालवावा.

थंडरबर्डची रीत निराळी. तो सामान्यतः एकेका फोल्डरची सर्व पत्रे एकाच साध्या मजकुराच्या फाइलीत एकापुढे एक लिहीत जातो आणि त्यांची सूची ‘एमएसएफ’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवतो. पत्र पुसले तरी ते फाइलीतून जात नाही, त्यावर केवळ पुसल्याची खूण होते. ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा दिल्यावरच फाइल नव्याने लिहिली जाते. दहा वर्षे ही आज्ञा दिली नसेल, तर पाचशे पत्रांचा ‘इनबॉक्स’ कित्येक गिगाबाइटचा झालेला आढळतो. साठा फॅट३२ पद्धतीच्या डिस्कवर असेल तर एका फाइलीस चार गिगाबाइटची मर्यादा आहे हेही लक्षात ठेवावे. कॉम्पॅक्ट करण्यापूर्वी डिस्कवर तेवढीच मोकळी जागा हवी, आणि वीज जाण्याच्या वेळा टाळाव्यात. फाइल अर्धी लिहून झाली असता यंत्र बंद पडणे यासारखा अनर्थ नाही. या साध्या मजकुराच्या रचनेचा एक मोठा लाभ मात्र नमूद केला पाहिजे : सूचीची फाइल बिघडली तर ती बिनदिक्कत काढून टाकता येते, थंडरबर्ड मूळ पत्रांवरून नवी सूची रचतो. फोल्डर रिकामा दिसला की पत्रे गेली असे मानून हताश होण्यापूर्वी त्याच्या फाइलीचा आकार पाहावा. आकार मोठा असेल तर पत्रे तेथेच आहेत.

एखादे विशिष्ट पत्र निवडताच प्रोग्राम कोसळत असेल, तर पत्राचे पूर्वदर्शन बंद करून ते दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवावे किंवा साध्या मजकुराच्या रूपात उघडून पाहावे. केवळ मजकुराने प्रोग्राम कोसळेल ही कल्पना अतिरंजित नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतील एका जोडाक्षराने अ‍ॅपलच्या फोनवरील संदेशांचे प्रोग्राम कोसळू लागले होते. ‘ज’, हलन्तचिन्ह, ‘ञ’, अदृश्य विच्छेदक चिन्ह आणि ‘आ’ची मात्रा असा तो क्रम होता. आपल्या ‘ज्ञा’चा तो तेलुगू सहोदरच. दोष अक्षराचा नव्हता, जोडाक्षर रचणाऱ्या प्रणालीचा होता, व तो त्याच महिन्यात दुरुस्त झाला.

देवनागरीच्या संदर्भात मात्र बहुतेक तक्रारी कोसळण्याच्या नसून दिसण्याच्या असतात, आणि त्या वेगळ्या काढल्या पाहिजेत. ‘ॲ’ हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत, आणि रुपयाचे ‘₹’ हे चिन्ह २०१० साली ६.० या आवृत्तीत आले. २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर आलेल्या टंकाला त्यांची ओळख असणे शक्यच नव्हते. तेथे रिकामा चौकोन दिसतो. नवा टंक बसविला की काम भागते. जुन्या पत्रात देवनागरीच्या जागी रोमन चिन्हांचा गुंता दिसून दर तिसऱ्या स्थानी डोक्यावर तिरकी रेघ असलेले तेच रोमन ‘ए’ अक्षर येत असेल, तर मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनी लिहिले जाते व त्यांतील पहिला बाइट सर्वत्र सारखाच असतो. वाचणारा प्रोग्राम त्यास पश्चिम युरोपीय संकेत समजला, इतकेच. संकेत बदलताच मराठी प्रकट होते. परंतु असा नियमित पुनरावर्ती क्रम दिसत नसेल, तर ते पत्र युनिकोडपूर्व टंकात लिहिलेले असण्याची शक्यता अधिक, आणि त्याला तो टंकच हवा.

एवढे सर्व करूनही २०१० च्या यंत्रावर आजचा ब्राउझर फार काळ तग धरील असे नाही. लिनक्स बसविणे हा मार्ग ६४-बिट प्रोसेसर असेल तर विचारार्ह आहे. ३२-बिट यंत्रांसाठी तोही अरुंद होत चालला असून डेबियनने २०२५ मधील आपल्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांना नियमित आधार देणे थांबविले. ज्या यंत्रात जुने टंक व त्यांवर आधारलेली सामग्री आहे तेथे विंडोज काढून टाकणे तर आत्मघातकीच. त्यापेक्षा कामाची विभागणी करावी हे श्रेयस्कर : पत्रव्यवहार व ब्राउझर दुसऱ्या यंत्रावर हलवावेत, आणि जुने यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ त्या सामग्रीसाठी राखावे.

राखलेल्या यंत्रावरील सामग्रीचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचे काम मग हाती घ्यावे लागते. जुन्या टंकांत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी टंकलेला असतो आणि रफार अक्षराच्या नंतर, कारण तेथे क्रम उच्चाराचा नसून दिसण्याचा आहे; रूपांतराच्या प्रोग्रामला हा क्रम उलटवावा लागतो, व ‘स्थिती’, ‘मूर्तिमंत’, ‘दर्यावर्दी’ आणि ‘दऱ्या’ यांसारख्या शब्दांत तो हमखास अडखळतो. अशा शब्दांची यादी करून रूपांतरित मजकूर जुन्या यंत्राच्या पडद्यावरील मूळ मजकुराशी ओळीने ताडून पाहावा लागतो, आणि ते यंत्र चालू आहे तोवरच हे ताडून पाहणे शक्य असते.